पगारी खेळाडू

अकराला पाच मिनिटं कमी असताना पंचांनी गोपाळरावांना विचारलं, "आपके पार्टनर किधर हैं?"

"आ रहे हैं," गोपाळराव म्हणाले. हे ते तिसऱ्यांदा म्हणत होते.

मंगळवार, १९ फेब्रुवारी १९९१, हैदराबाद. दुसऱ्या दर्जाची व्यावसायिक टेनिस स्पर्धा, पुरुष दुहेरीची पहिली फेरी. जगातले पहिले शंभर खेळाडू अशा स्पर्धेला येत नाहीत. त्यांच्या खालचे येतात. समोरच्या जोडीत एक ऑस्ट्रेलियन होता, एक स्वीडिश. अकरापासून नियमाची पंधरा मिनिटं धरली गेली. सव्वाअकराला पंचांनी नागोराव आणि गोपाळराव या नावांवर रेघ मारली. स्वीडिश खेळाडू येऊन हात मिळवून गेला. गोपाळरावांजवळ रॅकेट नव्हती. दोघांच्याही रॅकेटी नागोरावकडे होत्या.

नागोराव आदिलाबादच्या एका क्लबात मार्कर होता. मार्कर म्हणजे पगारी खेळाडू. सकाळी कोर्टावर पाणी मारायचं, चुन्याच्या रेघा ओढायच्या, रॅकेटींना तारा भरायच्या आणि संध्याकाळी ज्या साहेबाला जोडीदार नसेल त्याच्याशी खेळायचं. हे त्यानं सतरा वर्षं केलं. साहेबाच्या उजव्या हाताला, बरोबर कमरेच्या उंचीवर चेंडू टाकायचा, इतका त्याचा हात बसला होता. सहा-चारनं हरावं, सहा-शून्यनं हरलं तर साहेबाला शंका येते, असं तो माळ्याला समजावून सांगत असे.

क्लबच्या वार्षिक ढालीसाठी मात्र त्याला खेळता येत नव्हतं. ढाल हौशी खेळाडूंसाठी होती आणि तो पगार घेत होता.

गोपाळराव पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. नऊ वर्षं ते नागोरावबरोबर खेळत होते. हैदराबादच्या स्पर्धेत जिल्ह्यांतल्या एका जोडीसाठी जागा राखली आहे, ही बातमी त्यांनीच पेपरात वाचली.

"नागो, इथं पगारी माणूस चालतो."

"अन् हौशी?"

"तोही चालतो."

"मंग घेतो तुमाले जोडीले," नागोराव म्हणाला. "फक्त मधातल्या चेंडूले हात लावू नका, भाऊ. तो माहा."

डिसेंबरात निजामाबादला झालेली निवडचाचणी त्यांनी जिंकली. परतताना बसमध्ये नागोराव म्हणाला, "एकच मॅच खेळायले भेटली तरी चालते. हारलो तर हारलो. पन आपून होऊन नाही हारनार."

पंधरा फेब्रुवारीला तो रजा घेऊन वांकिडीजवळच्या आपल्या गावी गेला. कापसाची शेवटची वेचणी होती. नायलॉनची तार उशिरा आली, म्हणून दोन्ही रॅकेटी भरायला त्यानं सोबत नेल्या. गोपाळरावांना खात्याच्या कामासाठी हैदराबादला आधीच जायचं होतं. त्यांनी निघताना बजावलं, "एकीवर एक ठेवू नको, तारा घासतात. एकीपुढे एक, लांबीत बांध, पोत्यात."

सामना गेल्यावर तीन दिवसांनी, शुक्रवारी, गोपाळराव त्या गावात उतरले. नागोरावची बायको बयनाबाई अंगणात तुरी बडवत होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या मागच्या रस्त्याकडे.

"तुमी एकलेच काऊन, भाऊजी? ते कुटं राह्यले?"

"वहिनी, तो निघाला कधी?"

बडवणी तिच्या हातातच राहिली. "सोमवारी. दोनच्या गाडीनं."

दोनच्या गाडीचा कंडक्टर चंपतराव आसिफाबादच्या स्टँडवर भेटला. आधी त्यानं आठवत नाही म्हटलं. चहा अर्धा झाल्यावर बोलला.

"बोचकं लांब होतं, बंदुकीवानी. मीच म्हनलं, आत नको, टपावर टाक. वळनावर जीप आडवी लागली. चौघं जन, साधे कपडे. ये किसका है, म्हने. तो म्हने, माहा हाय. खोल म्हने."

"मग खोललं?"

"नाही न. इथं नको म्हने, धूळ हाय, तारा नव्या हायत. आता अशा लोकायले कोनी नाही म्हनते का, साहेब? त्यायनं उतरवलं त्याले. मले म्हने, चलो."

"आणि तुम्ही?"

"गाडीत चाळीस मानसं होते." चंपतरावनं कप खाली ठेवला. "मारली शिट्टी."

"जीप कोणाची?"

"नंबर नव्हता. पोलिसायची म्हना, जंगलातल्या नक्षलवाल्यायची म्हना. त्या रस्त्यानं कोनी इचारत नाही."

गोपाळरावांनी दोन्हीकडे विचारलं. ठाण्यात सांगण्यात आलं की त्या दिवशी जीप बाहेर गेलेली नाही आणि या नावाची नोंद नाही. जंगलातून तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदारामार्फत दीड महिन्यानं निरोप आला: हा माणूस आमच्याकडे नाही, त्याच्याशी आमचं काही नव्हतं.

तो निरोप सांगायला ते पुन्हा गावी गेले. बयनाबाईनं पाणी दिलं आणि उंबऱ्याशी बसली.

"पोतं मीच शिवलं," ती म्हणाली. "दोन पोते फाडून जोडले. मी म्हनलं, इतकं लांब कायले? ते म्हने, भाऊनं सांगितलं, लांबीतच पाह्यजे."

गोपाळरावांनी पाणी संपवलं.

"मॅच झाली का?"

"नाही."

"म्हंजे हारले नाहीत."

"नाही," गोपाळराव म्हणाले.

एप्रिलमध्ये क्लबनं नवा मार्कर ठेवला. गोपाळरावांनी वर्गणी भरली, पण कोर्टावर उतरले नाहीत. साहेबांनी एकदा कारण विचारलं, तेव्हा खांदा दुखतो म्हणाले.

जून १९९३ मध्ये दादाजी नावाच्या गुराख्याला, जीप आडवी आली त्या वळणापासून दोन कोसांवर, नाल्याच्या काठी एक रॅकेट सापडली. पंचनाम्याला गोपाळरावांना बोलावलं. रॅकेट त्यांचीच होती. मुठीवर त्यांच्या हातची निळी पट्टी होती. दोन पावसाळ्यांत लाकूड वाकलं होतं. तारा शाबूत होत्या. पोतं नव्हतं. आजूबाजूला खणून पाहिलं, दुसरं काही मिळालं नाही.

ठाण्याच्या आवारात बयनाबाईनं रॅकेट हातात घेतली, उलटसुलट केली.

"हे तुमची," ती म्हणाली. "मंग त्यायची त्यायच्याजवळ असन."

हवालदारानं रॅकेट मागून घेतली आणि तिला चिठ्ठी बांधली.

डिसेंबर १९९४ पर्यंत दुसरी रॅकेट सापडलेली नाही.