सरांना फ्रेंच येतं

सरांना फ्रेंच येतं, याबद्दल त्या घरात कोणाला शंका नव्हती. बायकोसुद्धा त्यांना 'सर'च म्हणे. तिचा भाऊ, म्हणजे सरांचा मेहुणा, जगात कोणालाच मोठं म्हणायला तयार नसे, पण भाऊजींच्या फ्रेंचचा विषय निघाला की तोही मान डोलवी. तशी त्याने स्वतः आठवडाभराची फ्रान्सची सहल केली होती आणि तिथलं पाणी महाग आहे एवढं ज्ञान घेऊन तो परतला होता.

भाषासंस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत सर वरच्या वर्गांना व्याकरण शिकवत. त्यातही त्यांचा जीव अडकला होता क्रियापदांच्या एकाच प्रकारात. सर त्याला भूतकाळी इच्छार्थ म्हणत. कोणी काही करावं असं आज वाटत असेल तर फ्रेंचमध्ये त्याला एक रूप आहे, ते पोरंसोरंही वापरतात. पण तसं काल वाटलं असेल, काल भीती वाटली असेल, काल शंका आली असेल, तर खऱ्या जाणकाराने हे दुसरं रूप वापरायचं. करायला तसं सोपं. आधी लेखी भूतकाळातलं 'तू'चं रूप घ्यायचं, त्याला शेपूट जोडायचं. बोलण्याचं होतं 'पार्लास', संपवण्याचं 'फिनीस', असण्याचं 'फ्यूस'. 'येणं' आणि 'धरणं' ही दोन उनाड क्रियापदं मात्र नाकातून बोलतात, 'व्हांस' आणि 'तांस'. आणि कर्ता 'तो' किंवा 'ती' असेल तर शेपूट कापून स्वराच्या डोक्यावर टोपी घालायची. या टोपीवरून सरांनी किती मुलांना नापास केलं त्याला गणती नाही.

आता गंमत अशी की, हे रूप फ्रान्समध्ये कोणी बोलत नाही. जुन्या कादंबऱ्यांत सापडतं, आणि तिथेही लोक पान उलटून पुढे जातात. सरांना हे ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं काहीच वाईट वाटत नसे. उलट तीच तर सोय होती. कारण सरांना बोललेलं फ्रेंच अजिबात कळत नसे.

म्हणजे विद्यार्थ्यांचं कळे. ते त्यांनीच शिकवलेलं, एकेक शब्द सुटा, पाटावर मांडल्यासारखा. पण खरा फ्रेंच माणूस बोलू लागला की सरांच्या कानात नुसती खिचडी शिजे. ऐकण्याचे तास त्यांनी पहिल्यापासून एका तरुण बाईंच्या गळ्यात मारले होते. संस्थेत कोणी फ्रेंच पाहुणा आला की नेमका त्या दिवशी सरांचा घसा बसे. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ सरांनी ऐन तारुण्यापासून झाकून धरली होती.

आणि मुलीने फ्रेंच नवरा निवडला.

ती तिकडे एका कंपनीत इमारतींचे आराखडे काढायला गेली होती. एकदा लिफ्टमध्ये अडकली, आणि ज्याने तिला बाहेर काढलं त्याच्याशीच लग्न करते म्हणाली. सरांना लिफ्ट दुरुस्त करणारा जावई चालणार होता. मुलगी तिकडे राहिलेली चालणार नव्हती. एकुलती एक पोर. तिच्या खोलीतला दिवा संध्याकाळी लावायचं काम सर अजूनही स्वतः करत. त्यांनी फोनवर एकच अट घातली होती, लग्न खुशाल कर, पण राहायचं इथे. मुलगी म्हणाली होती, "ही अट सोडता का, याचं शेवटचं उत्तर समोर बसून ऐकेन, बाबा. तुम्ही नाही म्हणालात तर इथेच राहू. त्याचीही तयारी आहे." म्हणजे सरांनी समोर बसून 'नाही' म्हणायचं एवढंच काम होतं. सरांना वाटलं, हे मराठीत व्हायचं आहे.

होणारा जावई मुलीबरोबर जेवायला आला त्या दिवशी मेहुणा सगळ्यांच्या आधी येऊन खुर्ची धरून बसला होता. मुलगी दुभाषाचं काम करायला पुढे सरली तर त्याने तिला हाताने थोपवलं. "तू गप. घरात भाऊजी असताना तुझं काय काम?" बायकोही कौतुकाने बघत होती. मुलीने बापाकडे पाहिलं. सरांनी हसून मान डोलावली आणि पाण्याचा पेला एका दमात संपवला.

त्यांनी एक वाक्य मात्र घोटून ठेवलं होतं. घसा खाकरून त्यांनी ते म्हटलं, ज सुएते क वू व्हांसिए प्ल्यू तो. आपण याआधीच यावंत अशी माझी इच्छा होती. भूतकाळी इच्छार्थ, आणि तोही उनाड क्रियापदाचा. जावयाचा चमचा हातातच राहिला. अशी भाषा त्याने बहुधा शाळेतही ऐकली नसावी. मग तो मनापासून हसला, मुलीला काहीतरी म्हणाला आणि सरांकडे आदराने बघू लागला. आता त्याला खात्री पटली होती की या माणसापुढे जपून बोलायची काही गरज नाही.

तो सुटला. त्याला आपल्या सगळ्या कुंडलीसह सासऱ्यापुढे उभं राहायचं होतं, आणि त्याचं फ्रेंच लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून वर ओरडायचं फ्रेंच होतं. निम्मे शब्द गिळलेले, उरलेले एकमेकांना चिकटलेले. मेहुणा दर मिनिटाला विचारी, काय म्हणतो? सर सांगत, प्रवास बरा झाला म्हणतो. काय म्हणतो? त्याच्या आईने नमस्कार सांगितलाय म्हणे. आता काय म्हणतो? तिकडे पाणी महाग आहे म्हणतो. यावर मेहुण्याने बहिणीकडे बघून, मी तुला सांगितलं नव्हतं का, अशी मान उडवली. मुलगी खाली बघून बटाट्याचे तुकडे करत होती, आणि ते केव्हाचे करून झाले होते.

सूप संपलं, मासा संपला. मग जावयाने हात पुसले, खुर्ची थोडी मागे सरकवली आणि सरांच्या डोळ्यांत बघत तो हळू आवाजात बोलू लागला. हळू आवाजात, पण वेग तोच. बराच वेळ बोलला. मध्ये एकदा त्याचा आवाज अडकला. शेवटी सूर वर गेला आणि तो थांबला.

सरांना कळलं ते एवढंच, की हा प्रश्न आहे. आयुष्यभर प्रश्नपत्रिका काढलेल्या माणसाने विचार केला. 'नाही' म्हटलं की पुढे 'का' येतो, आणि 'का' आला की बोलावं लागतं. 'हो' म्हटलं की विषय संपतो.

"वी," सर म्हणाले, "ब्यां स्यूर." हो तर, नक्कीच.

जावई उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि त्याने सरांना मिठी मारली. दोन्ही गालांवर मुके घेतले. त्याचे डोळे भरले होते. मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"काय म्हणाला?" मेहुण्याने विचारलं.

"जेवण आवडलं म्हणतो."

"जेवणासाठी कोणी रडतं का, भाऊजी?"

सर म्हणाले, फ्रेंच लोक जेवणाच्या बाबतीत हळवे असतात. मेहुण्याला ते पटलं. पैसे देऊन का होईना, तो तिथे जेवला होता.

सर पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात पळाले. मागोमाग मुलगी आली आणि तिने दार लोटलं. "बाबा, त्याने काय विचारलं ते कळलं ना तुम्हाला?"

सर पेला विसळत राहिले.

"आम्ही तिकडेच कायमचं राहायचं म्हणतोय. तुमची अट सोडाल का, असं विचारलं त्याने." ती जवळ आली. "कळलं नसेल तर सांगा. त्यात काही नाही. मी पुन्हा विचारीन, आपल्या भाषेत. तुम्ही नाही म्हणालात तर मी राहीन. फोनवर म्हणाले होते, आताही म्हणते."

एवढं सोपं होतं. 'नाही कळलं' हे दोन शब्द उच्चारायचे, आणि पोर घरी राहणार होती. तिच्या खोलीत संध्याकाळी दिवा लागणार होता, आणि तो तीच लावणार होती. सरांना तेच हवं होतं. पण दारापलीकडे मेहुणा होता. तो हे लग्नात सांगणार, बारशात सांगणार, सरांच्या तेराव्यालाही सांगणार. संस्थेत कळणार. ऐकण्याचे तास घेणाऱ्या त्या बाईंना कळणार.

"इतकी वर्षं शिकवतोय," सर म्हणाले. "न कळायला काय झालं?"

मुलीने त्यांच्या हातातला पेला घेतला, पुसला आणि जागेवर ठेवला. "बरं," ती म्हणाली.

पुढे सगळं रीतसर झालं. लग्न झालं. सरांनी एवढी कडक अट जेवता जेवता सोडून दिली म्हणून लोकांनी तोंड भरून कौतुक केलं, आणि मेहुणा तर चार लोकांत सांगू लागला की मन मोठं असावं तर भाऊजींसारखं. सरांनी ते सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. विनय आहे म्हणून लोकांनी आणखी कौतुक केलं.

दोघांना विमानतळावर सोडून सर आणि बायको घरी आले. बायको मुलीच्या पलंगावरची चादर काढायला लागली. सर दुसरं टोक धरायला गेले. दोघांनी मिळून तिची घडी घातली.

"तुम्हाला त्या दिवशी एक अक्षर कळलं नव्हतं," बायको म्हणाली. आवाजात राग नव्हता.

सरांनी चादर घट्ट धरली. "तुला कसं कळलं?"

"लग्न झाल्यापासून माहीत आहे मला. आपल्याकडे रेडिओवर ते फ्रेंच लागायचं ना, तुम्ही लगेच बंद करायचात. पोरीलाही माहीत आहे. लहान होती तेव्हापासून."

"मग तू बोलली का नाहीस?" सरांचा आवाज चढला. "तुला तर ती इथे हवी होती. माझ्याहून जास्त हवी होती."

बायकोने चादर त्यांच्या हातातून घेतली, कपाटात ठेवली आणि कपाटाकडे बघतच म्हणाली, "तुम्हाला खाली बघायला लागेल असं आम्ही कधी केलंय का? मी तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशीच उभी होते. तुम्ही बोलावंत, असं फार वाटत होतं मला."

ती चहा टाकायला निघून गेली. सर रिकाम्या पलंगाच्या कडेवर बसले. इतक्या वर्षांच्या सवयीने तिच्या त्या शेवटच्या वाक्याचं फ्रेंच त्यांच्या मनात आपोआप तयार झालं, शेपटासकट, आणि त्यात एकही चूक नव्हती.