पालथा रांजण

मी एक जुना रांजण आहे. कोल्हापूर सोडून गाडी मिरजेकडे निघाली की लागणाऱ्या एका छोट्या स्टेशनावर, कडुनिंबाखालच्या विटांच्या कट्ट्यावर माझी जागा आहे. मला रोज भरणारी सोनूबाई गेली हे मला कुणी सांगितलं नाही. त्या सकाळी तिचा नवरा बाबासो एकटाच आला. त्याने माझ्या तोंडावरची फळी काढली. तळाशी उरलेलं पाणी फुलपात्राने काढून झाडाच्या बुंध्याला घातलं. मग मला दोन्ही हातांनी कलतं करून पालथं घातलं आणि थोडा वेळ माझ्यावर हात ठेवून उभा राहिला. तेव्हा मला कळलं. सोनूबाई असती तर तिने मला पालथं घालू दिलं नसतं.

मित्रांनो, माझा जन्म शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतला. भट्टीतून काढल्यावर चिमणाबाई कुंभारणीने बोटांनी ठोकून माझा आवाज ऐकला आणि म्हणाली, "ह्यो टिकंल." तिचं म्हणणं खरं ठरलं. एवढं टिकायला नको होतं, असं आता वाटतं.

१९९१ च्या उन्हाळ्याआधी मी गार्डाच्या डब्यातून या स्टेशनावर आलो. त्या काळी उन्हाळ्यापुरती पाण्याची माणसं कामावर घेत. पाडव्याच्या सुमारास घ्यायची, पाऊस लागला की थांबवायची. सोनूबाई तसली उन्हाळी कामगार होती. ती गडमुडशिंगीहून चालत यायची, स्टेशनच्या विहिरीवरून घागरी आणून मला भरायची, आणि पॅसेंजर आली की डब्यांच्या खिडक्यांतून पाणी द्यायची.

बाबासो रुळांच्या गँगमध्ये कायम होता. त्याच्या छातीवर पितळेचा बिल्ला होता. तो बिल्ला सोनूबाई चिंचेने घासून चकचकीत करायची. तसा एक बिल्ला तिला आपल्या स्वतःच्या नावावर हवा होता. कायम व्हायचं, बारा महिने पाणी द्यायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

एकदा धोतर-टोपीतला एक म्हातारा फुलपात्र हातात धरून थांबला.

"पाणी भरलंय कुणी, बाई?"

"मी."

"कुठल्या वस्तीतली?"

सोनूबाई रागावली नाही. "पावणं, पाणी सरकारचं हाय. तहान तेवढी तुमची."

म्हाताऱ्याने फुलपात्र खाली ठेवलं. त्या दिवशी गाडी फार उशिरा होती. ऊन चढल्यावर तो परत आला आणि तिच्याकडे न बघता पाणी प्याला.

"फळी ठेवा परत," ती म्हणाली. त्याने ठेवली.

दिल्लीत काय चाललंय ते मला स्टेशनमास्तरांच्या रेडिओवरून कळायचं. गणपतराव मास्तर खिडकीत रेडिओ ठेवायचे आणि रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन गुंडू त्या बातम्यांची भाषांतरं करायचा. शहाण्णव साली सरकार बदललं. मग पुन्हा बदललं. मग पुन्हा. दर वेळी नवा मंत्री यायचा आणि उन्हाळी माणसांना कायम करणार अशी बातमी यायची. बातमी आमच्या स्टेशनापर्यंत पोहोचेपर्यंत सरकार गेलेलं असायचं.

"वैनी," गुंडू म्हणायचा, "तुमचा मंत्री पडला बघा."

"माझा कुठला? अजून तोंड बी बघितलं न्हाय त्याचं."

"आता नवीन आलाय. ह्याला तरी पाणी पाजा."

"येऊ दे की. रांजण भरल्यालाच हाय."

गँगमधली माणसंही त्याच काळात कमी होत गेली. कुणी निवृत्त झालं की त्याची जागा भरायची नाही, असं ठरलं होतं म्हणे. कुणी ठरवलं, ते कळत नव्हतं. जुनं सरकार म्हणायचं नव्याने ठरवलं, नवं म्हणायचं जुन्याने. राहिलेल्या माणसांनी तेवढाच रूळ सांभाळायचा. बाबासो दुपारी निंबाखाली भाकरी खायला बसायचा. सोनूबाई त्याच्या हातावर पाणी घालायची.

१९९९ च्या उन्हाळ्यात खरोखरच निरोप आला. कुठल्या स्टेशनावर पाण्याचं काम खरंच चालू आहे ते बघायला रेल्वेचे साहेब येणार होते. जिथे काम चालू दिसेल तिथलं माणूस कायम होणार, असं मास्तरांनी सांगितलं. साहेब शुक्रवारी येणार होते.

आमच्याकडे मातीच्या भांड्याची एक रीत आहे. मोठं माणूस पाणी प्यायला येणार असेल तर रांजण रिकामा करायचा, राखेने आणि काथ्याने आतून घासायचा आणि एक दिवस उन्हात पालथा घालायचा. मग पाण्याला वास येत नाही. सोनूबाईला हे सासूने शिकवलं होतं. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, तिने मला घासून पालथं घातलं.

"भरल्याला असू दे की," बाबासो म्हणाला. "उगंच कशाला?"

"सायबाला वास मारणारं पाणी द्यायचं व्हय?"

"बरं, तुझं तू बघ." आणि तो गँगबरोबर कामावर गेला. सोनूबाईला माझ्या गळ्याभोवती गेरूचा पट्टा ओढायचा होता, म्हणून ती गेरू आणायला घरी गेली.

साहेब त्याच दुपारी आले. दिल्लीत सरकार हलायला लागलं होतं, म्हणून त्यांना दौरा लवकर उरकायचा होता. त्यांनी मला बघितलं.

"हे बंद आहे का?"

"नाही साहेब," मास्तर म्हणाले. "धुवायला घातलाय. बाई उद्याची तयारी करतीय."

"बाई कुठंय?"

"गेरू आणायला गेलीय."

"म्हणजे आज पाणी नाही." साहेबांनी काम बंद असं लिहिलं आणि ते पुढच्या स्टेशनाकडे निघाले. वाईट माणूस नव्हते ते. फार घाम आला होता त्यांना. पाणी असतं तर प्यायले असते.

सोनूबाई पदरात गेरू घेऊन आली तेव्हा मास्तर तिच्याशी बोलायला बाहेर आले नाहीत. गुंडूने सांगितलं, आणि त्या दिवशी त्याने चेष्टा केली नाही. तिने मला सुलटं केलं, घागरी आणून तोंडापर्यंत भरलं, आणि मग गेरूचा पट्टा ओढला. सरळ ओढला गेला नाही. तो वाकडा पट्टा अजून माझ्या गळ्याभोवती आहे.

दोन दिवसांनी दिल्लीतलं सरकार एका मताने पडलं. सोनूबाईचं काम साहेबांच्या एका ओळीमुळे राहिलं की सरकारच्या एका मतामुळे, हे कुणालाच सांगता आलं नाही. पुढे मास्तरांनी दोनदा विचारलं. उत्तर आलं, ते मागच्या सरकारच्या वेळचं होतं, आता सगळं नव्याने व्हायला हवं.

बाबासो तिला एका शब्दाने बोलला नाही. पण ती स्वतःला बोलत राहिली. मला घासताना पुटपुटायची, "माझ्याच हातानं घातला की पालथा." त्यानंतर तिने मला कधीच रिकामं केलं नाही. तळाला पाणी ठेवायची आणि मला उभंच ठेवून, खांद्यापर्यंत हात आत घालून घासायची. पाऊस लागला, काम थांबलं, तरी आठवड्यातून एकदा येऊन एक घागर ओतून जायची. न जाणो, कुणी बघायला आलं तर. माझ्या आत शेवाळाची हिरवी रेघ धरली. पाण्याला वास यायला लागला. लोक स्टॉलवरच्या बाटल्या घ्यायला लागले.

२००४ साली सरकार पुन्हा बदललं. नव्या राज्यात स्टेशनांवर चहा मातीच्या भांड्यात द्यायचा, अशी बातमी रेडिओवर लागली. सोनूबाईने माझ्या पोटावर थाप मारली.

"ऐकलंस न्हवं? मातीचं दिवस आलं बघ."

गुंडू म्हणाला, "वैनी, आता रांजण कायम होतोय. तुमचं काय सांगता येत न्हाय."

ती खूप हसली. तिला तसं हसताना मी त्यानंतर बघितलं नाही. मातीचं एकही भांडं आमच्या स्टेशनावर आलं नाही. पुढच्या पाडव्याला उन्हाळी माणूस घ्यायचं बंद झालं. तरी ती आपल्या मनाने येत राहिली, एक-एक घागर ओतत राहिली. मग तिला स्टेशनाचा चढ चढताना दम लागायला लागला. थंडीत ती दवाखान्यात गेली, आणि एका सकाळी बाबासो एकटा आला.

मी पालथा झालो त्या दिवशी गुंडू जवळ उभा होता. "भाऊ, असू दे की सुलटा," तो म्हणाला.

"न्हाय गुंडू. ती आयुष्यभर भीत राहिली. आता कोण बघायला येतंय? वाळू दे एकदा नीट."

मी नीट वाळलो. आतली शेवाळाची रेघ पांढरी पडली आणि सुटून गेली. माझ्यात आता कसलाच वास नाही. बाबासो निवृत्त झाला. बिल्ला त्याने परत दिला. संध्याकाळची पॅसेंजर जाईपर्यंत तो कट्ट्यावर माझ्याशेजारी बसतो. त्या गाडीच्या खिडक्यांतून आता पाण्यासाठी हात बाहेर येत नाहीत. गाडी आली की बाबासो बिल्ला नसलेल्या खिशावर हात ठेवतो आणि ती गेली की उठतो.

मित्रांनो, मातीच्या भांड्याची काळजी घ्या असं सांगून मी थांबायला हवं. पण मला दुसरंच सांगायचं आहे. कुठे पालथं भांडं दिसलं तर काम बंद आहे असं लिहून पुढे जाऊ नका. थोडं थांबा. कुणीतरी ते तुमच्यासाठीच धुतलेलं असतं.

यंदाचा पाडवा होऊन गेला, जयंतीही झाली. बाबासो दोनदा मला सुलटं करायला वाकला आणि दोन्ही वेळा तसाच परत बसला. माझी फळी निंबाला टेकून उभी आहे. मला सुलटं करून भरायचं राहिलं आहे.