खालच्या अंगाचे पाणी

रंगमास्तरांनी कापडाची पांढरी पट्टी बादलीत बुडवली, ओठातल्या ओठात साठपर्यंत आकडे मोजले आणि ती बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरली. जमलेली मंडळी पुढे सरकली.

कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यात ही परीक्षा रोज सकाळी होई. पट्टी पांढरी राहिली तर फिके रंग काढायचे, नाहीतर दिवसभर गडद रंगांवर भागवायचे. एरवी मास्तरांशिवाय कुणी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. आज मात्र झाडून सगळे कामगार हजर होते.

कारण बादलीतले पाणी नव्या जागचे होते. सरकारने नियमच तसा काढला होता: ज्याने नदीत सांडपाणी सोडायचे, त्याने आपल्यासाठी पाणी त्या जागेच्या खालच्या अंगालाच घ्यायचे. आपण केलेली घाण आधी आपल्या वाट्याला यावी, एवढाच त्याचा अर्थ. न ऐकणाऱ्याला दुप्पट पाणीपट्टी. वडिलांच्या मागे कारखाना सांभाळणाऱ्या ताईला हा नियम मनापासून पटला आणि तिने दोन वर्षांचा नफा पाणी शुद्ध करणाऱ्या टाक्यांत घातला. विक्री बघणाऱ्या धाकट्या भावाला मात्र हे खूळ वाटत होते. राज्याच्या हद्दीपलीकडे असला नियम नव्हता, जागा स्वस्त होती, आणि शेजारचे दोन कारखाने कधीच गाशा गुंडाळून तिकडे गेले होते. या विषयावरून बहीणभावांचे इतके बिनसले, की जेवताना मीठ हवे असले तरी धाकट्याच्या बायकोला मध्ये घालावे लागे.

शेवटी ताईनेच तोडगा काढला होता. पट्टी पांढरी निघाली तर राहायचे, रंग दिसला तर कारखाना हलवायचा. कामगारांपैकी किती जणांना घरदार सोडून तिकडे जाता येईल, हे विचारायची हिंमत कुणाला झाली नव्हती.

मास्तरांचा चेहरा पडला.

"ताई, निळं आलंय," ते म्हणाले.

ताईने चष्मा काढला, उगाचच पुसला आणि पुन्हा घातला. मग भावाकडे वळली.

"काढ कागद. शब्द दिलाय मी."

धाकट्याने पिशवीतून हद्दीपलीकडच्या जागेचे कागद काढले. सहीसाठी पेन पुढे करता करता त्याची नजर पट्टीवर गेली. निळा रंग फक्त वरच्या टोकाला होता. एका बाजूला एक ठिपका, उलट बाजूला दुसरा. बाकीची पट्टी स्वच्छ. त्याने मास्तरांच्या बोटांकडे पाहिले. ती नुकतीच निळीच्या पिंपातून निघाली होती. भिंतीवरच्या खिळ्याला लाकडी चिमटा कोरडाच लटकत होता.

लहानपणी पट्टीला हात लावला म्हणून याच मास्तरांनी त्याला पाठीत धपाटा घातला होता. चिमट्याशिवाय शिवायचं नाही, हातांचा काय भरवसा, असे वर बजावलेही होते. आज काळजीपोटी ते स्वतःच विसरले होते.

तो गप्प बसला तर सगळे त्याच्या मनासारखे होणार होते, आणि क्षणभर त्याला गप्प बसावेसे वाटलेही. ताईने पेन घेण्यासाठी हात पुढे केला.

त्याने पेन खिशात ठेवले.

"मास्तर, चिमटा कुठाय?"

मास्तरांनी आधी भिंतीकडे पाहिले, मग आपल्या हातांकडे. ओशाळून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

धाकट्याने चिमटा उतरवला, नवी पट्टी पकडली आणि स्वतःच बादलीत बुडवली. या वेळी सगळ्यांनी मिळून साठ मोजले. पट्टी बाहेर आली, खिडकीशी गेली, उलटसुलट झाली. पांढरी होती. मास्तरांनी ती तारेवर वाळत टाकली, अर्थात चिमट्यानेच, आणि भट्ट्या पेटवायला सांगितल्या. आज फिका गुलाबी काढायचा होता.

दुपारी कचेरीत डबे उघडले.

"ताई," धाकटा म्हणाला, "मीठ दे जरा."