पास केलेले मुखवटे

आमच्या हरिप्रियाचं वागणं कुठल्या सुनेला शोभतं, ते तुम्हीच सांगा. तीन दिवस झाले, ही बाई शाळेतून शिकवून येते, चहासुद्धा घेत नाही, पदर खोचते, धंद्यातला चांगला धड मुखवटा उचलते, भुशानं भरलेल्या पोत्याला बांधते आणि दहा पावलांवरून त्याच्या तोंडावर बंदूक झाडते. एकदा झाडून समाधान नाही. एकाच जागी चार वेळा. मग वही काढून काहीतरी लिहिते.

"काय गं, कुणाचा राग काढतेस त्याच्यावर?" मी विचारलं.

"राग नाही अत्या, परीक्षा घेतेय." आमच्यात सासूला अत्याच म्हणतात.

"बांधून मारायचं, ही परीक्षा? असं मारलं तर माझंही डोकं फुटेल."

"तुमचं नाही फुटायचं," म्हणाली, आणि पुन्हा नेम धरला. आता यात मान होता की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही.

आमचं घर तंजावूरचं. मेलवीथीत आमचं भांड्यांचं दुकान, म्हणजे विकायची नव्हेत, लग्नकार्याला भाड्यानं द्यायची. पन्नास पानांच्या भाताची पातेली, सांबाराची गुंडं, पाण्याचे हंडे. हे गेले त्याला एकवीस वर्षं झाली, तेव्हापासून परत आलेलं प्रत्येक भांडं मी बघून घेते. बोटाच्या पेरानं ठोकायचं आणि कान लावायचा. धड भांडं लांब बोलतं, चीर गेलेलं मधेच गप्प होतं. मी चौथी नापास आहे, पण कार्यात आमचं भांडं गळलं असं या गावात कुणी म्हणून दाखवावं.

माझा मुरलीकृष्ण, त्याला भांड्यांत जीव नव्हता. त्यानं ओरत्तनाडूच्या रस्त्याला नारळीच्या बागेमागं जाळी लावून खेळाचं मैदान केलं. पेंटबॉल म्हणतात. बंदुकीतून रंगाच्या गोळ्या मारायच्या, ज्याच्या अंगावर रंग फुटला तो बाद. कॉलेजची पोरं पैसे देऊन मार खायला येतात, मी काय बोलू? गोळी लिंबाएवढीही नाही, पण अशी येते की मांडीवर लागली तर आठवडाभर काळंनिळं. डोळ्यावर लागली तर डोळा गेला. म्हणून मुखवटा. सगळं तोंड झाकणारा, डोळ्यांपुढं वाकडी काच. काच म्हणायची, असतं प्लास्टिकच. असे चोवीस मुखवटे.

भाड्यानं जाणारी वस्तू, म्हणजे माझ्या हाताखालून जाणार. मुरलीलाही तेच पटतं. "आईनं बघितलं का?" एवढंच तो विचारतो.

बुधवारी खेळून गेलेल्या एका पोरानं मुखवटा परत करताना म्हटलं, काचेच्या कडेला केसासारख्या रेघा दिसतायत. झालं. हरिप्रियानं तो मुखवटा तिथंच बाजूला काढला. कारण रविवारी आमच्या नातीचा, साईप्रियाचा वाढदिवस, अकरा संपून बारावं, आणि तिच्या वर्गातल्या दहा मैत्रिणी खेळायला येणार होत्या. अकरा पोरी, बावीस डोळे.

"रविवारचं रद्द करा," ती नवऱ्याला म्हणाली.

तो माझ्याकडं बघायला लागला. मी त्याच दुपारी सगळे मुखवटे टोपलीत घेऊन बसले. एकेक उचलला, पट्टा ओढला, काच ठोकली. खरं सांगायचं तर प्लास्टिक काही बोलत नाही. टक् म्हणतं आणि संपतं. चोवीसही तसंच टक् म्हणाले. रेघवाला उन्हात धरला, माझ्या डोळ्यांना रेघ दिसली नाही. मग मी सगळ्यांसमोर सांगितलं, "माल धड आहे. पोरी खेळतील."

 सुनेनं गुरुवारपासून मैदानावर पोतं बांधलं.

शनिवारपर्यंत पाच मुखवटे तिनं मारले. तीन फुटले, दोन टिकले. मी मनात म्हटलं, मुरलीला दाखवू तुझ्या बायकोचे पराक्रम, म्हणून शनिवारी दुपारी ते पाचही उचलून घरी आणले, ओट्यावर मांडले. रंग धुतला. आणि धुताना माझा हात थांबला.

टिकलेल्या दोघांच्या काचेवर, वरच्या कोपऱ्यात, तांबूस डाग होता. फुटलेल्या तिघांच्या काचा चकचकीत.

डाग कसला, ते मला कुणी सांगायला नको होतं. तीन आठवड्यांपूर्वी आयुधपूजा झाली. आमच्याकडं त्या दिवशी विळीपासून स्कूटरपर्यंत सगळ्याला गंध-कुंकू लागतं. बंदुकांना लावलं, मुखवट्यांनाही लावलं, माझ्याच हातानं. कुंकू तेलात कालवलेलं, काचेवर डाग धरून बसलं. साबणानं जाईना. मग त्या मंगळवारी मी भांड्यांवरची नावं पुसायला ठेवलेलं थिनर काढलं. पातेल्यावर ऑइल पेंटनं घातलेली अक्षरं थिनरनं कशी दुधावरच्या सायीसारखी निघतात! काच जरा धुरकट झाली, तर जुन्या वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या फडक्यानं घासली, आरसा झाली. सोळा झाल्या आणि बाटली संपली. आठ तशाच तांबड्या राहिल्या.

मी ओट्यावर बसून होते.  म्हणजे थिनरनं आत काहीतरी खाल्लं. वरून चकचकीत आणि आतून पापडासारखं. आणि मी त्याला धड म्हणून पास केलं होतं.

हे सांगायला घरात कोण होतं? सगळे होते. मुरली मोटारसायकल पुसत होता. हरिप्रिया आत डाळ निवडत होती. चार पावलं होती. पण बाई, ही जीभ, जी आख्ख्या मेलवीथीला पुरून उरते, ती टाळ्याला चिकटली. मी मनात म्हटलं, ऐप्पशी महिना, आमच्याकडच्या पावसाचे दिवस आहेत, रोज पाऊस येतो, उद्याही येईल. चिखलात खेळ होत नाही. आपोआप रद्द होईल, मग सोमवारी मी हळूच सोळाच्या सोळा भंगारात घालीन. मी देवापुढं बसून पाऊस मागितला. सत्तरी ओलांडल्यावर अशी लबाडी!

रविवारी कडक ऊन पडलं.

नऊ वाजता पोरी आल्या. हरिप्रिया जाळीच्या दाराशी मुरलीशी हळू आवाजात भांडत होती.

"पाचातले तीन फुटले, डोळ्यांनी बघितलंत ना?"

"तू चार-चार वेळा मारलंस तर फुटतीलच. आईनं पास केलेत."

"एक दिवस. नवे मागवू, मग खेळू दे."

"केक आलाय, पोरी आल्यात, त्यांचे आईबाप सोडून गेलेत. आईचा हात कधी चुकलाय का, तू सांग!"

मी खुर्चीवर बसले होते. माझं नाव त्याच्या तोंडून ऐकताना एरवी छाती फुगते. आज मी खुर्ची दूर सरकवली.

साईप्रिया धावत आली. हातात मुखवटा. चकचकीत.

"तो नको राणी, तो तांबडा घे," मी म्हटलं.

"अव्वा, कुंकवाचा? सगळ्या हसतील. हा बघ कसा चमकतो." तिनं चढवला, पट्टा आवळला. आतून तिचे डोळे माझ्याकडं बघत होते, काजळ घातलेले, मीच घातलेलं सकाळी.

मैदानावरचा कामाचा पोरगा बंदुका वाटायला लागला होता.

"मुरली!" मी ओरडले. "शिट्टी मार! एकीच्याही हातात बंदूक देऊ नकोस!"

सगळे थांबले. मी उठले, साईप्रियाच्या तोंडावरचा मुखवटा काढला. "अव्वा, काय करतेस!" ती रडवेली झाली. तसाच तो घेऊन पोत्यापर्यंत गेले आणि माझ्या हातानं बांधला. गाठ दोनदा सुटली.

"हरिप्रिया, मार."

"अत्या..."

"चार नको. एकच मार."

पोरींना तिनं लांब, जाळीबाहेर नेलं. मला मागं ओढलं. मग मारली. टाळी वाजावी तसा आवाज झाला. काचेचा रुपयाएवढा तुकडा आत पडला, आणि डोळ्याच्या जागी निळा रंग गळायला लागला.

 साईप्रियानं आईचा हात धरला.

"सोळा काचा मी थिनरनं पुसल्या," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "कुंकू निघावं म्हणून. काल दुपारपासून मला माहीत आहे. आणि मी पाऊस मागत बसले."

मुरली पुढं आला. "आई, तू?"

"मी. दुसरं कोण?"

"तांबड्यांवर खेळू का मग?" एका पोरीनं विचारलं.

"नाही," हरिप्रिया म्हणाली. "दोन टिकले म्हणून बाकीचे सहा टिकतील असं नाही. चला, केक कापायचा." आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला माहीत होतं, अत्या."

"काय माहीत होतं?"

"थिनर. बुधवारीच बाटली रिकामी दिसली. टोपलीतल्या फडक्याला वास होता. थिनर या प्लास्टिकला खातं, आठवीच्या पोरांनाही मी हे सांगते."

"मग बोलली का नाहीस?"

ती बोटांना लागलेला निळा रंग पुसत राहिली. "पुराव्याशिवाय तुमच्यासमोर कोण बोलणार? वाटलं, दहा फुटले की तुम्ही स्वतःच बघाल."

म्हणजे चार दिवस ही पोत्याला माझंच तोंड बांधून बघत होती. मी तिच्या खांद्याला धरून तिला माझ्याकडं वळवलं. पोरी केकपाशी गेल्या होत्या, मुरली ऐकत होता, ऐकू दे.

"ऐक हरिप्रिया. थिनर माझं, पास मी केलं, लपवलं मी, तिन्ही पापं माझी. त्याची शिक्षा मी घेईन, मुखवट्याला पुन्हा हात लावणार नाही, ते काम आजपासून तुझं. पण तुझाही अपराध आहे आणि तो लहान नाही. पोटच्या पोरीच्या डोळ्यांपेक्षा तुला सासूची भीती मोठी वाटली. पुन्हा असं काही दिसलं तर वही नको, बंदूक नको. सरळ माझ्या तोंडावर म्हणायचं, अत्या, तुम्ही चुकलात. मी शिव्या देईन. तू म्हणतच राहायचं."