राष्ट्रीयत्वाचा रकाना

एकावन्न सालच्या फेब्रुवारीत त्र्यंबक मास्तरांना शाळेतून शिरगणतीच्या कामाला लावलं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या दोन गल्ल्या त्यांच्या वाट्याला आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जैतूनबी मणेरच्या दारी पोचले. घरोघर फिरून बांगड्या भरणारी ही बाई साठीच्या आतबाहेरची होती. घरात एकटीच राहायची. समोरच्या केरबा गवळ्यानं मास्तरांना बसायला बाकडं आणून टाकलं आणि स्वतः गंमत बघत उभा राहिला.

नाव, वय, धर्म लिहून झालं.

"राष्ट्रीयत्व?" मास्तरांनी विचारलं.

"म्हंजे?"

"तुम्ही कुठल्या देशाच्या?"

जैतूनबी बोलायच्या आत केरबा म्हणाला, "लिव्हा की पाकिस्तान! पोरगा कराचीत बसलाय न्हवं हिचा?"

आजूबाजूची दोघंतिघं हसली. जैतूनबीनं घाबरून मास्तरांच्या हाताकडं बघितलं.

"लिवलासा व्हय?"

"नाही हो. तुम्ही सांगाल तेच लिहायचं."

तिचा एकुलता एक पोरगा दस्तगीर मोटारी दुरुस्त करायचा. अठ्ठेचाळीस साली मित्राबरोबर कराचीला गेला आणि सहा महिन्यांनी त्यानं आईला बोलावणं धाडलं. ती गेली नाही, एवढं गल्लीला ठाऊक होतं.

केरबाची सून बयाबाई दाराआडून सगळं ऐकत होती. पदर सावरत ती उंबऱ्यावर आली.

"मामंजी, चाची ट्रंक घिऊन ठेसनात गेलती. परत का आली, ठावं हाय तुमास्नी?"

सुनेनं चारचौघांत तोंड वर करून बोलावं, असं आजवर झालं नव्हतं.

"माझं डोहाळजेवण हुतं. हिरवा चुडा मीच भरीन, असा शबूद दिल्ता तिनं. त्यासाठनं आली ती."

"न्हाय गं," जैतूनबी म्हणाली. "उगा मला मोठी करू नगंस. तुजी याद झाली, व्हय. पर गाडी आली आन् माजं पायच उचलंनात. वाटलं, डब्यात चढले तर ही गल्ली परत दिसायची न्हाय. गाडी गेली. मी ट्रंक डोक्यावर घिऊन चालत घरला आले. पोराची याद रोज येती, मास्तर. पर त्यो तिथला झाला म्हून मी तिथली कशी हुईन?"

मास्तरांनी रकान्यात 'भारतीय' लिहिलं आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवलं.

केरबा मान खाली घालून म्हणाला, "मस्करी केलती, जैतूनबी."

"मस्करीच केलीस. पर लिवणाऱ्याम्होरं केलीस."

पुढचा प्रश्न मातृभाषेचा होता. "मराठी लिवा," ती म्हणाली. "आमची बोली हाय की, पर पोरगं गेल्यापास्नं ती बोलायला घरात हाय कोण?"

"पाळण्यापासूनची भाषा लिहायची असते. ती उर्दू लिहितो, आणि दुसरी भाषा मराठी."

"दोनी लिवता येत्यात?"

"येतात."

"मग दोनी लिवा," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच थोडी हसली.

आणखी एक रकाना फाळणीत घरदार सोडून आलेल्यांसाठी होता. तिथं मास्तरांनी रेघ मारली. मास्तर कागद गुंडाळत असताना जैतूनबीनं सहज विचारलं, "आन् तुमचं गाव कंचं?"

"मुरगूडजवळचं," असं म्हणून मास्तर उठणार होते. पण कोण जाणे का, ते पुन्हा बसले. गांधीजींचा खून झाला, त्यानंतर गावानं ब्राह्मणांची घरं पेटवली होती, त्यात मास्तरांचंही. मशाली घेऊन आलेल्यांत मास्तरांनी बाराखडी शिकवलेली माणसं होती. त्या दिवसापासून ते आणि त्यांची बायको लीलाबाई कोल्हापुरात भाड्यानं राहत होते. गावाकडं पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आज एका अनोळखी बाईला सांगून टाकलं.

जैतूनबीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एकदा जाऊन तरी या. न्हाय पटलं तर यष्टी हाय की परतीची."

शिरगणती संपल्यावरच्या रविवारी मास्तर आणि लीलाबाई एसटीनं गावी गेले. पारावरच्या माणसांनी त्यांना ओळखलं, पण कुणी तोंड वर केलं नाही. घराच्या जागी जळकी भिंत कमरेएवढी उरली होती आणि आत कुणीतरी वांगी लावली होती.

शेजारची झुंबरबाई पळतच आली. "मीच लावलीया, मास्तर. जागा वसाड बगवंना. उपटू का?"

मास्तर वाकून रोपं बघू लागले. लीलाबाईच म्हणाल्या, "राहू द्या. चांगली धरलीत."

झुंबरबाईनं पदरात वांगी तोडून घेतली आणि दोघांना आपल्या घरी जेवायला नेलं. ताटं वाढता वाढता तिच्या डोळ्यांना धार लागली. "त्या दिशी आमची माणसं बी हुती," ती म्हणाली.

"माहीत आहे," मास्तर म्हणाले.

भाकरी गरम होती. दोघंही पोटभर जेवले.