बिनतक्रारीचा फोन

शनिवारी सकाळी महादेवराव मेहकरच्या स्टँडवर उतरले तेव्हा त्यांच्या पिशवीत सात प्रकारच्या मोबाइलची पत्रकं होती आणि पायांत चालायचं बळ नव्हतं. जानेफळहून तीन आठवड्यांतली ही पाचवी खेप. तिकडे वांग्यात गवत माजलं होतं, मिरचीचं पाणी राहून गेलं होतं, आणि बासष्ट वर्षांचा हा माणूस दुकानोदुकान हिंडून एकच गोष्ट विचारत होता की कोणता फोन घेतला म्हणजे बिघडणार नाही. दुकानदार आता त्यांना लांबूनच ओळखायला लागले होते. एकाने तर आपल्याला पाहून शटर अर्धं खाली ओढलं, असं महादेवरावांचं म्हणणं होतं. ते खरं नसावं, पण दमलेल्या माणसाला असं वाटतं खरं.

फोन त्यांच्यासाठी नव्हताच. त्यांच्या साध्या बटणांच्या फोनवर त्यांचं भागत होतं. फोन हवा होता लेकीला, जयमालाला. बचत गटातून तिची बँकसखी म्हणून निवड झाली होती. घरोघर जायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांचा अंगठा घ्यायचा आणि त्यांना जागेवर पैसे काढून द्यायचे, असं ते काम. स्वतःचा स्मार्टफोन हवा ही अट होती, आणि सोमवारी मेहकरात ट्रेनिंग. बँकेच्या मॅडमनी साफ सांगितलं होतं, फोन नसेल तर यादीतलं पुढचं नाव घेऊ. पुढचं नाव गल्लीतल्या वंदनाचं होतं आणि वंदनाकडे फोन आधीपासून होता. जयमालाने ब्लाउज शिवून साठवलेले बारा हजार बापाच्या हातात ठेवले होते, कारण त्या घरात चौकशीशिवाय काही येत नसे आणि चौकशी करायची ती महादेवरावांनीच.

त्यांची चौकशी गावात नावाजलेली होती. मोटारपंप घ्यायचा तर ते विकणाऱ्याला विचारत नसत, जळालेले पंप दुरुस्त करणाऱ्या वायंडिंगवाल्याला विचारत. बैल घ्यायचा तर आधीच्या मालकाच्या सालदाराला गाठत. जयमालाच्या लग्नाच्या वेळी त्यांनी एकोणीस स्थळं पाहिली होती आणि प्रत्येक गावी आधी एकटेच जाऊन आले होते. पाहुण्यांच्या घरी नाही, न्हाव्याच्या दुकानात. दाढीला बसायचं, गालाला साबण लागला की सहज विषय काढायचा, अमक्याचं पोरगं कसं आहे हो? न्हावी गावाचं सगळं जाणतो, आणि वस्तरा हातात असला की माणूस खोटं बोलत नाही, असा त्यांचा हिशोब. एकोणीस गावांत दाढी करून त्यांनी एक घर निवडलं. त्या घराबद्दल कोणाची एक तक्रार नव्हती.

तीन वर्षांनी जयमाला दुपारच्या एस.टी.ने एक पिशवी घेऊन परत आली. त्यालाही आता चार वर्षं होत आली. काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि महादेवरावांनी विचारलं नाही. विचारायचं तर आधी आपली चूक कबूल करावी लागते, आणि तेवढी हिंमत त्यांच्यात नव्हती. आईने, आशाबाईंनी, काही ऐकलं असेल तर त्यांनीही ते पोटातच ठेवलं होतं. तेव्हापासून महादेवरावांचा स्वतःच्या निवडीवरचा विश्वासच उडाला होता. मेथीचं बी घ्यायचं तरी ते चार दुकानं फिरत आणि रिकाम्या हाताने घरी येत. आता तर फोन घ्यायचा होता, तोही तिच्यासाठी, तिच्याच पैशांचा.

दुकानांत त्यांनी जे ऐकलं होतं त्याने डोकं पार भणभणून गेलं होतं. ओरिक साडेदहा हजारांचा, झेनॉर अकरा हजार नऊशे नव्याण्णवचा, निवोरा बारालाच पण सोबत कव्हर फुकट. ओरिकवाला म्हणे, झेनॉर तापतो. झेनॉरवाला म्हणे, ओरिकची बॅटरी वर्षभरात झोपते. निवोरावाल्या पोराने तर फोन हातभर उंचीवरून फरशीवर टाकून दाखवला आणि मग घाईघाईने खिशात घातला. रॅम, जीबी, मेगापिक्सेल असे सगळे शब्द महादेवरावांनी वहीत लिहून घेतले होते. त्यातला एकही कामाचा नव्हता, हे त्यांना लिहितानाच कळत होतं.

शेवटी त्यांना आपली जुनी रीत आठवली. विकणाऱ्याला नाही, दुरुस्त करणाऱ्याला विचारायचं. स्टँडच्या मागच्या बाजूला अश्वजितचं मोबाइल दुरुस्तीचं खोपट होतं. तिशीचा पोरगा, डोळ्याला भिंग लावून एका उघड्या फोनमध्ये डोकं घालून बसलेला. महादेवरावांनी त्याच्या स्टुलावर बूड टेकलं आणि पाय लांब केले.

“अश्वजित, एकच गोष्ट सांग बाप्पा. तुह्याकडं दुरुस्तीले सगळ्यात कमी कोणता फोन येते?”

अश्वजितने मान वर केली नाही. “निवोरा. वर्षभरात दोन आले असतीन, काका.”

“आन् ओरिक?”

“त्याचं नावच घेऊ नोका. रोजचे चार-पाच. आता हातात हाय तो ओरिकच हाय.”

महादेवरावांना तीन आठवड्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. वर्षाला दोन! वायंडिंगवाल्याने एखाद्या पंपाचं असं सांगितलं असतं तर त्यांनी उभ्या उभ्या पैसे मोजले असते. ते पिशवी सावरत उठले.

“कुठं चालले?”

“निवोरा घेतो. बिनतक्रारीचा हाय.”

आता मात्र अश्वजितने भिंग काढलं. “बसा काका. बसा म्हणतो ना.” त्याने पायाखालून एक मळकी थैली ओढली आणि तिच्यातून दोन काळे फोन काढून समोर ठेवले. “हे ते दोन. याचा डिस्प्ले भेटत नाही, त्याची चार्जिंगची पिन भेटत नाही. अकोल्याले पाहून आलो, नाही भेटत. गिऱ्हाईक म्हणे, ठेव तुह्याकडंच. तवापासून लोकायले माहीत झालं का इथं याचा इलाज नाही. मंग कायले येतीन माह्याकडं? घरातच पडून हायेत ते, कोणाच्या पेटीत, कोणाच्या फळीवर.”

“म्हणजे बिघडते?”

“सगळेच बिघडते हो काका. ओरिक लय विकला गेला, म्हणून लय येते. त्याचा पार्ट भेटते, अर्ध्या घंट्यात दुरुस्त होते, म्हणूनही येते. तुमी इचारता कमी कोणता येते. येत नाही म्हणजे त्याले काही झालंच नाही, असं थोडंच हाय?”

एवढं बोलून त्याने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. त्याच्या लेखी विषय संपला होता. महादेवराव मात्र स्टुलावर बसले ते उठेनात.

त्यांना जयमालाच्या सासरच्या गावातलं ते न्हाव्याचं दुकान दिसायला लागलं. दुकानाच्या दारावर गाळ्याच्या मालकाचं नाव रंगवलेलं होतं, आणि ते नाव जयमालाच्या होणाऱ्या सासऱ्याचं होतं. महादेवरावांनी ते आत शिरतानाच वाचलं होतं. उलट त्यांना बरंच वाटलं होतं, गाळे भाड्याने देणारा माणूस म्हणजे खाऊन पिऊन सुखी! ज्याच्या गाळ्यात बसून न्हाव्याची चूल पेटत होती त्याच्याबद्दल न्हावी काय बोलणार होता? वस्तरा न्हाव्याच्या हातात होता, पण मान त्याचीच अडकलेली होती.

आणि मग लग्नानंतरची ती तीन वर्षं. जयमालाला स्वतःचा फोन नव्हता. दर रविवारी ती सासऱ्याच्या फोनवरून बोलायची. “बरं हाय, बाबा,” म्हणायची. पाऊस झाला काय, मायची कंबर कशी हाय, एवढं विचारायची आणि ठेवायची. बोलताना मागून सासऱ्याचा खोकला स्पष्ट ऐकू यायचा, कारण फोन स्पीकरवर असायचा. महादेवरावांनी तो खोकला तीन वर्षं ऐकला आणि दर रविवारी आशाबाईंना सांगितलं, पोरगी सुखात हाय, तिची कोणतीच तक्रार नाही.

अश्वजितने चहा मागवला तो तसाच निवत पडला. त्या दिवशी ते फोन न घेताच घरी आले.

संध्याकाळी जयमाला मशीनवर बसली होती. बापाच्या पिशवीत फोन नाही हे पाहून तिने पायडल थांबवलं. सोमवारला आता एकच दिवस उरला होता. महादेवरावांना खूप काही विचारायचं होतं. बसमध्ये बसल्या बसल्या त्यांनी शब्दही जुळवले होते. पण ती समोर तशी पाहत बसली होती. त्यांनी खिशातले बारा हजार काढून मशीनवर ठेवले.

“तूच पाहून घे, माय. मी येतो संगं. पण पसंत तू कर. माह्यानं नाही होत.”

जयमालाने नोटा उचलल्या. मग म्हणाली, “हाव. सकाळच्या गाडीनं जाऊ.”

रविवारी तिला फोन घ्यायला वीस मिनिटं लागली. महादेवराव दुकानाच्या पायरीवर वही मांडीवर घेऊन बसले होते, ती त्यांना उघडावीच लागली नाही. जयमाला ओरिक हातात घेऊन सरळ रस्त्यावर आली आणि उन्हात धरून पाहिला, कारण म्हाताऱ्या बायांचे अंगठे अंगणातच घ्यायचे होते. अंगठ्याचं यंत्र त्याला जोडता येतं का, हे तिने दुकानदाराला दुकानातलं यंत्र जोडूनच दाखवायला लावलं. वीज येऊन पुन्हा जाण्याच्या मधल्या दोन तासांत बॅटरी भरते का, ते विचारलं. मग बापाकडे वळून म्हणाली, “याचे पार्ट अश्वजितकडं भेटतात ना?”

“भेटतात. रोज चार-पाच येते म्हणे.”

“मंग हाच द्या,” तिने दुकानदाराला सांगितलं.

उरलेले दीड हजार तिने रुमालात बांधले. सिम तिने महिन्यापूर्वीच घेऊन ठेवलं होतं, पर्समध्ये कागदाच्या पुडीत. ते तिने स्वतःच बसवलं. स्टँडवर आले तेव्हा जानेफळची गाडी लागायची होती. महादेवराव बाकावर टेकले. जयमाला म्हणाली, “आवाज पाहून घेऊ. तुमी इथंच बसा,” आणि स्टँडच्या पार दुसऱ्या टोकाला, रसवंतीच्या सावलीत जाऊन उभी राहिली.

महादेवरावांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी बटण दाबून कानाला लावला.

“येते काय आवाज, बाबा?”

“येते. चांगला येते.” त्यांना लांब तिची हिरवी साडी दिसत होती, चेहरा दिसत नव्हता. तिच्या आसपास कोणी नव्हतं. मागून कोणाचा खोकला येत नव्हता. आणि काल घरात जे तोंडातून निघालं नव्हतं ते आत्ता, तिचा चेहरा दिसत नव्हता म्हणूनच असेल, निघालं.

“जयमाला… तू तिकडून फोन करे, बरं हाय म्हणे. तवा बरं होतं काय, माय?”

हिरवी साडी तिथेच होती, तिचा हात कानाशीच होता.

“नव्हतं, बाबा,” ती म्हणाली.

महादेवरावांनी बाकाची कड घट्ट धरली.

“सांग,” ते म्हणाले.

“लय हाय सांगाले.”

“सांग. मी ऐकून राह्यलो.”

ती बोलायला लागली. मधेच जानेफळची गाडी लागली, माणसं चढली, कंडक्टरने महादेवरावांना ओळखून हाक मारली. त्यांनी हातानेच त्याला जा म्हणून खुणावलं. गाडी निघून गेली आणि स्टँडच्या दोन टोकांना दोघं तशीच राहिली, ती सावलीत उभी, ते उन्हात बसलेले. आणखी एक गाडी दुपारी होती.