रस्टी नेल ढवळणारा चमचा

मी एक जुना, लांब दांड्याचा चमचा आहे. भाजी वाढायचा नव्हे, ग्लासातलं पेय ढवळायचा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कुणीतरी पोलादाची सळई तापवून माझ्या दांड्याला पीळ दिला आणि टोकाला इवलीशी वाटी ठोकून काढली. तिथून मी शहरातल्या कॅम्प भागातल्या एका क्लबात आलो आणि रवळूच्या हाती पडलो. रवळू जवळच्या येळ्ळूर गावचा. क्लबात येणाऱ्यांची पेयं तो बनवायचा. स्वतः मात्र त्यातला थेंबही चाखत नसे.

आम्हा दोघांचं आवडतं काम म्हणजे 'रस्टी नेल'. मित्रांनो, हे मोठ्या माणसांचं पेय, आणि नावाचा अर्थ 'गंजका खिळा'. नवीन माणूस हमखास विचारायचा, "ह्यात खिळा असतो काय?" रवळू हसून म्हणायचा, "न्हाय साहेब, रंग तेवढा गंजासारखा."

जाड बुडाच्या ग्लासात बर्फाचा मोठा खडा. त्यावर दोन भाग स्कॉच व्हिस्की आणि एक भाग ड्रॅम्बुई. ड्रॅम्बुई म्हणजे स्कॉचमध्येच मध आणि मसाल्याच्या वनस्पती घालून केलेलं गोड मद्य. मग मला काचेला टेकवून रवळू सावकाश फिरवायचा. आवाज होऊ द्यायचा नाही. ग्लास बाहेरून धुरकट झाला की थांबायचं आणि वर लिंबाच्या सालीचा तुकडा पिळायचा.

वनखात्यातून निवृत्त झालेले यमनाप्पा नेहमी तेच मागवत आणि त्याची गोष्ट सांगत. लढाई हरलेला एक स्कॉटिश राजपुत्र जीव वाचवत पळत होता. ज्यांनी आसरा दिला त्यांना द्यायला त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं, म्हणून त्यानं त्या गोड मद्याची कृती दिली म्हणे. "खरं-खोटं देव जाणे," यमनाप्पा म्हणत, "पण गोष्ट लई ब्येस हाय." त्यात आणखी स्कॉच मिसळायची चाल मात्र अलीकडची, शंभर वर्षांच्या आतली. आधी त्या पेयाची नावं वेगवेगळी होती. 'गंजका खिळा' हे नाव पुढे अमेरिकेत रुळलं.

एके दिवशी ढवळताना मी काचेवर आपटलो. किण्ण. पुन्हा आपटलो. रवळूच्या अंगठ्यात बारीक कापरं भरलं होतं. ते सगळ्यांत आधी मला कळलं, पण मी सांगणार कुणाला?

कापरं वाढलं. एकदा पेय यमनाप्पांच्या शर्टावर सांडलं. ते चेष्टेनं म्हणाले, "काय रवळू, आज तूच घेतलीस काय रं?" सगळे हसले. क्लबाचा मॅनेजर राजकुमार मात्र हसला नाही. तो पुढे आला.

"कधीपास्नं प्यायला लागलास?"

"मी घेत न्हाय साहेब. हाताला काय झालंय कळंना."

"तोंड उघड."

रवळूनं सगळ्यांसमोर तोंड उघडलं. वास नव्हता. "सकाळी घेतली असशील," राजकुमार म्हणाला. यमनाप्पा खाली बघत राहिले. मी ग्लासात उभा होतो. मला नुसतं ऐकता येत होतं.

रवळूला ग्लास धुवायला बसवलं. तिथंही ग्लास फुटू लागले. शेवटी त्यानं मला पुसून खणात ठेवलं आणि तो यायचा बंद झाला. नंतर मला घेऊन कुणी सावकाश ढवळलं नाही. बेसिनच्या जाळीत अडकलेल्या लिंबाच्या बिया काढायला मी उरलो.

एका दुपारी रवळूची बायको जयाबाई क्लबात आली. "त्यांस्नी कंपवात झालाय," ती राजकुमारला म्हणाली. "डाक्तरानं सांगितलं. गावात समदे बेवडा म्हणत्यात. तुम्ही एकदा येऊन खरं काय ते सांगा, एवढंच मागते."

"बघू," राजकुमार म्हणाला आणि फोन घेऊन आत गेला.

यमनाप्पा कोपऱ्यात बसले होते. ते उठले. "आक्का, मी येतो," म्हणाले. मग काउंटरवर येऊन त्यांनी विचारलं, "रवळूचा चमचा कुठं हाय?"

येळ्ळूरला रवळूच्या दारात शेजारी जमले. यमनाप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "ह्यानं कधी घेतली न्हाय. त्याला आजार हाय. चेष्टा मी केली, आणि पुढं गप बसलो."

काहींनी माना हलवल्या. काही तसेच निघून गेले. रवळू म्हणाला, "असू दे, आप्पा." त्याचा आवाज आता बारीक झाला होता.

यमनाप्पांनी मला खिशातून काढून त्याच्यापुढे धरलं. त्यानं मला हातात घेतलं. मी बोटांत नाचलो आणि खाली पडलो. जयाबाईनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि माझ्या दांड्याला जाड गुंडाळली. आता रवळू मला दोन्ही हातांनी धरतो आणि पेज खातो. अर्धी पेज अंगावर सांडते. कापरं वाढत जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मी ते थांबवू शकत नाही. त्याच्या हाताबरोबर मीही थरथरतो.

मित्रांनो, कुणाचा हात थरथरताना दिसला तर 'किती घेतलीस' असं विचारू नका. 'काय होतंय तुला' असं विचारा. मला ते कधी विचारता आलं नाही. तुम्हाला तर बोलता येतं.